उघाडी

टाकीला भोक पाडायचं म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो. पाणी धरायच्या वस्तूलाच भोक? बोनकोड्याच्या गावठाणात माझा माशांच्या टाक्या बनवायचा छोटा गाळा आहे. अशा वेळी मी आजाकडून ऐकलेली खाजणातली उघाडी सांगतो. खाडीची भरती अडवायला बांध, आणि आतलं पाणी ओहोटीला निघून जावं म्हणून त्याच बांधात झडप. ती किती उंचीवर बसवायची, यातच सारं शहाणपण.

टाकीचंही तेच. वीज गेली की पाणी वर चढवणारा पंप थांबतो आणि वरचं पाणी भोकाच्या पातळीपर्यंत खालच्या जोडटाकीत, म्हणजे संपमध्ये, उतरतं. ९० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद टाकीत पातळी ५ सेंटीमीटर उतरली, तर २० लिटर पाणी. संपमध्ये तेवढी जागा नसेल तर ते घरभर. म्हणून ड्रिलच्या आधी पट्टी आणि पेन्सिल.

काच हिरकणीच्या बिटाने, पाणी सोडत घासून कापतात. ॲक्रिलिक सोललं जातं. साधारण १०५ अंश सेल्सिअसला ते मऊ पडतं. घाईने दाबलेला होलसॉ एवढा सहज तापतो. मग भुसा वितळून दातांत बसतो, होलसॉ अडकतो, कड तडकते. म्हणून वेग कमी, हात हलका, साबणाचं पाणी, मागे घट्ट आवळलेली लाकडी फळी. पांढरी साल सुटत राहिली की काम नीट चाललंय. जळका वास आला की थांबायचं. मधला बिट आरपार गेला की उरलेलं दुसऱ्या बाजूने.

सुरुवातीला मी एक टाकी बिघडवली. सुबक भोक स्पिरिटने पुसलं, नट पान्याने करकचून आवळला. पंधरा दिवसांत कडेपासून केसासारख्या चिरा फुटल्या. तापलेल्या कडेत ताण उरतो, स्पिरिट तो उघडा पाडतं. ताणलेल्या पत्र्यात गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे जर्मन अभियंता किर्शने १८९८ मध्येच गणिताने मांडलं होतं. मला ते टाकीची भरपाई देऊन कळलं. आता कड पॉलिश पेपरने हातानेच गुळगुळीत करतो, साबणाच्या पाण्याने धुतो, रबरी वायसर घालतो. नट हाताने बसेल तेवढा, वर फक्त पाव फेरा.

टाकी पोचवल्यावर पाणी भरून पंपाचा प्लग मी स्वतः काढतो आणि संपमधलं पाणी चढायचं थांबेपर्यंत उभा राहतो. फरशी कोरडी राहिली, तरच पैसे घेतो.