जुळेपर्यंत

किशोरी आमोणकरांच्या मैफली उशिरा सुरू होत, ही जुनी तक्रार. आत तानपुरे लागतायत, बाहेर श्रोते चुळबुळतायत. तक्रार खोटी नव्हती. तरी माझं मत किशोरीताईंच्या बाजूने. (शेवटची लोकल चुकलेल्यांनी वेगळं मत द्यावं.)

*

तानपुऱ्याच्या तारा चार: पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज. खुंटी पिळून स्वर जवळपास येतो, उरलेलं केसभर अंतर मणी सरकवून काटायचं. मग घोडीवर तारेखालचा दोरा इकडेतिकडे करत जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, उघडायची. सगळं जमलं की खर्जातून गंधार ऐकू येतो. गंधाराची तार लावलेलीच नसते! खर्जाच्या पाचपट कंपनांचा हा स्वर तारेच्या पोटातच असतो, जवारी त्याला वर आणते. म्हणून तो स्वयंभू गंधार. तो उमटेपर्यंत बाहेरच्यांनी थांबावं, एवढंच किशोरीताईंचं मागणं होतं, असं मी धरून चालतो.

*

मिरजेचे कारागीर जवारी काढताना घोडीचा माथा कानसतात, तार छेडून ऐकतात, पुन्हा कानसतात. जास्त घासलं गेलं तर भरून काढता येत नाही. चिकाटीच्या गोष्टी सांगणारे हे सहसा सांगत नाहीत.

*

मोगूबाई कुर्डीकर मुलीला, म्हणजे किशोरीताईंना, शिकवताना अस्ताई-अंतरा दोनदाच म्हणत. तिसऱ्यांदा नाही. काय टिपायचं ते तेवढ्यात टिपायचं.

*

‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्याआधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ एकेक चौकट करत कॅमेऱ्यात धरली. हे झपाटलेपण सगळ्यांना ठाऊक आहे. फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, वर सगळ्या कंपनीचा स्वयंपाक, ही त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंकडची कामं. दागिनेही त्यांचेच गेले. झपाटलेल्या माणसाच्या चरित्रात अशा बाईला एखादा परिच्छेद मिळतो. इथेही तेवढाच.

*

लिहिणाऱ्याची पंचाईत अशी की वाक्यातून गंधार वाजत नाही. वर्षानुवर्षं तीच कादंबरी ‘सुधारणारे’ लोक सगळ्यांच्याच ओळखीत असतात. त्यातले कित्येक सुधारत नसतात, घाबरलेले असतात.

श्री. पु. भागवत ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक म्हणून इतरांसाठी कान झाले. हस्तलिखित वाचून सविस्तर पत्र, मग पुनर्लेखन, मग कदाचित साभार परत. काही लेखक त्यातून घडले. काहींना ती एकाच अभिरुचीची दंडेली वाटली आणि १९६९ मध्ये तरुण लेखक-कवींनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. जाळणं मला आवडलेलं नाही, पण राग समजतो. काळी चार पट्टीत गाणाऱ्याच्या मांडीवर कुणी पांढरी एकचा तानपुरा ठेवला, तर तो कितीही सुरेल लावलेला असो, त्याने त्याचं काय करायचं?