मोकळ्या जागेतला गारठा

ब्लॅक मेटलमधली थंडी ध्वनिमुद्रणाच्या खरखरीतून येते, असं या संगीताचे बरेच चाहते मानतात. गिटार पातळ आणि तिखट, बास जवळजवळ गायब, ड्रम कुठंतरी लांब. नॉर्वेतल्या बर्गनच्या इमॉर्टल या बँडचे सुरुवातीचे अल्बम असेच आहेत आणि मला ते मनापासून आवडतात. पण मला खरी हुडहुडी भरवली ती याच बँडच्या १९९९ सालच्या ‘अॅट द हार्ट ऑफ विंटर’नं. त्याचा आवाज तर चांगला भरदार आणि स्वच्छ आहे. स्वीडनमध्ये पीटर टेग्टग्रेनच्या अबिस स्टुडिओत तो मुद्रित झाला. ड्रमर होर्गचा ठोका न् ठोका सुटा कळतो, आणि तरी गारठा तसूभरही कमी होत नाही. तो येतो कुठून, याचा अंदाज मला कामानिमित्त बर्गनला राहायला गेल्यावर आला.

बर्गन हे बर्फाचं नव्हे, पावसाचं शहर. सात डोंगर, समोर समुद्र, वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. भर जानेवारीतही पारा बहुतेक शून्याच्या थोडा वरच राहतो. छत्री वाळत नाही. ब्लाशिर्ख नावाचं हिमराज्य कल्पनेनं उभारणारी ही मंडळी अशा भिजक्या गावातली. त्यांची थंडी डोंगरांवर राहते, आणि तिकडं जायला आगगाडी आहे.

ऑस्लोकडं जाणाऱ्या त्या गाडीत, वॉस मागं पडल्यावर मी अल्बम सुरू केला. बाहेर पावसाचा हिमवर्षाव झाला होता आणि झाडं खुजी होत चालली होती. ‘सोलारफॉल’च्या मध्यावर सगळी धडधड एकदम थांबते आणि उरते ती डिस्टॉर्शन काढून टाकलेली गिटार. एकेक तार सुटी छेडलेली, प्रत्येक सूर पुरता विरेपर्यंत थांबलेला. ट्रेमोलो पिकिंगच्या, म्हणजे तीच तार अतिवेगानं छेडत राहण्याच्या, सलग भिंतीत शिरायला फटच नसते. इथं दोन सुरांमध्ये मोकळी जागा आहे आणि ती भरायची घाई कुणालाच नाही. खिडकीबाहेर तेच चाललं होतं. पांढऱ्या उतारावर एक काळा खडक, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा खडक. अंतर कळतं ते त्या मधल्या रितेपणामुळं, आणि इतक्या मोठ्या पसाऱ्यात आपल्यासाठी ऊब कुठंच नाही हे जाणवलं की अंगावर काटा येतो.

हा संथपणा बँडला सहजासहजी मिळालेला नाही. आधीचे सगळे अल्बम गिटारवादक डेमोनाझच्या वादनावर उभे होते. त्याचा उजवा हात विलक्षण वेगानं चालायचा. १९९७ चा ‘ब्लिझर्ड बीस्ट्स’ हा त्या वेगाचा कळस, जेमतेम अर्ध्या तासात आटोपणारा. त्यानंतर हाताच्या कंडरांना इतकी सूज आली की त्याला वादन सोडावं लागलं. तो बँडसोबत राहिला आणि गाण्यांचे शब्द लिहीत राहिला. गिटार बँडचा गायक अबाथ यानं उचलली. या अल्बमवर गायन आणि बासही त्याचेच. सहा गाणी, सुमारे ४६ मिनिटं. रिफ आता एकमेकांना ढकलत नाहीत, नीट वळण घेऊन येतात. डेमोनाझचा हात शाबूत असता तर हा अल्बम असा झाला नसता, असं मला वाटतं. आणि हे वाटणं सुखाचं नाही, कारण ज्याच्या वेदनेतून ही जागा निर्माण झाली तो तिथं वाजवायला नव्हता.

मुखपृष्ठही बदललं. आधी चेहरे रंगवलेले हे वादक स्वतःच पुढं उभे असत. इथं जाँ-पास्काल फूर्निएनं रंगवलेलं थिजलेलं निसर्गदृश्य आहे, माणूस नाही. संगीताशी ते तंतोतंत जुळतं.

मिरदाल स्थानकानंतर रुळांवर बर्फ साचू नये म्हणून ठिकठिकाणी लाकडी छपरं घातली आहेत. गाडी त्यांखालून जाते तेव्हा फळ्यांच्या फटींतून उजेड भराभर चिरत जातो, बाहेर पडली की डोळे दिपतात. शेवटचं ‘इयर्स ऑफ सायलेंट सॉरो’ तिथंच संपलं. मी फिन्सेला उतरलो. उंची १,२२२ मीटर, मार्गावरचं सर्वांत उंच स्थानक, मोटारींना तिथं रस्ताच नाही. वाऱ्यानं कानशिलं दुखू लागली. हेडफोन काढले, तरी ‘सोलारफॉल’चे ते सूर डोक्यात चालूच होते, त्याच संथ गतीनं.

पुढं हातावर शस्त्रक्रिया होऊन डेमोनाझ परतला. २०१८ च्या ‘नॉर्दर्न केऑस गॉड्स’वर गिटारही त्याची, गायनही त्याचंच. अबाथ तोवर वेगळा झाला होता. अल्बमचा बराचसा भाग जुन्या वेगाचा आहे, पण अखेरचं ‘मायटी रेवनडार्क’ नऊ मिनिटांच्या वर जातं, आणि त्यात डेमोनाझ घाई करत नाही. १९९९ साली दुसऱ्याच्या हातानं मोकळी झालेली ती जागा तिथं तो स्वतः वाजवतो. ते गाणं मी ‘अॅट द हार्ट ऑफ विंटर’ला लागूनच ऐकतो.