आमचा फ्रीज चावतो!

फ्रीज घरात आला. आईने त्याला हळदकुंकू लावले आणि मी बटणाकडे धावलो. "थांब!" शेजारचे अण्णा म्हणाले. जन्मभर वायरमनचे काम केलेले गृहस्थ! "टेम्पोत आडवा घालून आणलाय. तेल काँप्रेसरमध्ये उतरू दे." चारपाच तास आम्ही त्या पाहुण्याकडे नुसते पाहत बसलो.

रात्री ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या आईने दाराला हात लावला नि किंचाळली, "अरे, हा चावतो!" मी हसलो. अण्णांनी धावत येऊन आधी मेन स्विच बंद केला, मग सॉकेट उघडले. वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची तारच नव्हती! झिरपणाऱ्या विजेला वाट होती ती एकच, आईच्या अंगातून.

दुसऱ्या दिवशी तार ओढून झाली. आई मात्र महिनाभर दूध काढायला मलाच धाडी.