चिपी आणि रत्नागिरी : आकाशातले अंतर, दारापासूनचा हिशेब

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीला लागून आहे. तेथील एका व्यापारी कुटुंबाने २०२४ च्या कार्तिकी पौर्णिमेनंतर कोकणयात्रेचा बेत आखला. रत्नागिरीस आप्तांची भेट आणि नंतर भोगव्याचा समुद्रकिनारा, एवढे निश्चित होते. आजींची इच्छा एकच होती : वाटेत खारेपाटणच्या जुन्या जैन मंदिराचे दर्शन घडावे. त्यांचा चौविहाराचा नियम अनेक वर्षांचा. सूर्यास्तानंतर अन्नही नाही, पाणीही नाही. त्या दिवसांत कोकणात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो.

नातवाने नकाशा पाहिला. रत्नागिरी आणि वेंगुर्ले तालुक्यातील चिपी या दोन विमानतळांत सरळ रेषेत सुमारे ११४ किलोमीटर अंतर आहे. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या एटीआर विमानास ते चौदा मिनिटांचे, चढणे-उतरणे धरून अर्ध्या तासाचे. रस्त्याने तेच अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आणि चार तासांचे. तरुण मंडळी हरखली.

आजोबांनी मात्र दुकानाच्या सवयीने हिशेब दारापासून दारापर्यंत मांडला. विमानतळापर्यंतची वाट, तासाभराची आगाऊ हजेरी, सामानाची प्रतीक्षा आणि पुढचा रस्ता मिळून तीन तास होत होते. वाचणार तो जेमतेम एक तास. शिवाय रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे असून तेथे प्रवासी विमानसेवा सुरू नव्हती. अंतराची कोष्टके कोणत्याही दोन धावपट्ट्यांमधील वेळ सांगतात. तेथे विमान जाते की नाही, हे सांगत नाहीत. न आलेली रक्कम जमेस धरून कोणी व्यवहार करीत नाही.

मंडळी सकाळी नवकारसीनंतर रत्नागिरीहून मोटारीने निघाली. लांजा मागे पडले, राजापूरला अर्जुना नदी ओलांडली आणि विजयदुर्गच्या खाडीवरचे खारेपाटण आले. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट याच गावच्या नावाने ओळखला जातो. एके काळी गलबतांतून येथे माल उतरे. व्यापाराच्या वाटेवर मंदिर उभे राहावे, हे या समाजाला नवे नाही. विमानाच्या सरळ रेषेपासून हे गाव वीस किलोमीटर बाजूला राहिले असते. आजींनी शांतपणे दर्शन घेतले. पुढे कणकवली, कुडाळ करीत मंडळी भोगव्यास पोहोचली, तेव्हा सूर्यास्ताला अवकाश होता.

परतीच्या वेळी त्याच हिशेबाने विमानाचा कौल दिला. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. त्याची धावपट्टी २५०० मीटरची आहे. पुण्यासाठीची सेवा ३१ ऑगस्ट २०२४ पासून मिळू लागली होती. हे अंतर आकाशमार्गे तीनशे किलोमीटरच्या आत, उड्डाण तासाभराचे. मोटारीने मारुंजी गाठण्यास आठ-नऊ तास लागले असते. येथे लोहगावहून घरापर्यंतची गर्दी धरूनही निम्मा दिवस वाचत होता.

चातुर्मास संपल्यावर साधू-साध्वी पायी विहारास निघतात. रत्नागिरी ते चिपी हे अंतर त्यांच्या पावलांना आठ-नऊ दिवसांचे आहे. अर्धा तास, चार तास की नऊ दिवस, हे वाहनावर अवलंबून. वाटेत कोठे थांबायचे, हे मात्र प्रवाशानेच ठरवायचे असते.