नाशिक ते जेद्दा

नाशिकहून मुंबईचा विमानतळ रस्त्याने सुमारे 170 किलोमीटर. कसारा घाटात गर्दी लागली तर चार-पाच तास मोडतात. मुंबईहून जेद्दा हवाईमार्गे सुमारे 3,500 किलोमीटर, आणि विमानाला तिथवर पाच-साडेपाच तासच लागतात. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे सकाळी 10 वाजता निघालेला हाजी तिथल्या दुपारी 1 च्या सुमारास उतरतो.

आपले आजी-आजोबा मुंबईहून जहाजाने जात. वाटेत आठवड्याहून जास्त दिवस जात, तेवढ्यात हजचे अरकान समजून घ्यायला सवड मिळे. 1995 मध्ये ही जहाजे बंद झाली.

आता वाटेत ती सवड नाही. जेद्दा येण्यापूर्वीच विमान मीकात ओलांडते. म्हणून जेद्दाहून थेट मक्केला जाणाऱ्यांनी एहराम सामानात टाकू नये. तो घरी किंवा विमानतळावरच बांधावा आणि मीकातची सूचना होताच, ती ओलांडण्याआधी, नियत करून तलबिया पढावी.

जहाजावरचे ते दिवस आता घरीच काढायला हवेत. निघण्याआधी आठ-दहा दिवस, इशानंतर अर्धा तास, मुलांना सोबत बसवून अरकानांची उजळणी करावी. मुलेही शिकतील.