एक जन्मदिवस, दोन वाद, पाच प्रकारची विधाने

१/
दरवर्षी १९ फेब्रुवारीला महाराष्ट्रात शिवजयंती साजरी होते आणि पुढे मार्चमध्ये, फाल्गुन वद्य तृतीयेला, ती पुन्हा साजरी होते. दोन्ही दिवशी मिरवणुका निघतात, पोवाडे घुमतात. या दोन दिवसांच्या दरम्यान समाजमाध्यमांवर एक जुना वाद नव्याने पेटतो: खरी जयंती कोणती? हा धागा त्या वादाचा निकाल देण्यासाठी नाही. त्या वादात नेमके काय काय बोलले जाते, हे सुटे करून पाहण्यासाठी आहे.

२/
असा वाद वाचताना इतिहासाची गोडी नुकतीच लागलेला वाचक गोंधळतो. एक जण जेधे शकावलीचा दाखला देतो. दुसरा म्हणतो, ही तारीख इंग्रजी कालगणनेची आहे. तिसरा म्हणतो, जुन्या लेखकांनी चुकीची तिथी मुद्दाम रूढ केली. चौथा म्हणतो, तिथीच आपल्या संस्कृतीला साजेशी. पाचवा म्हणतो, शासनाने एकच दिवस पाळावा. पाचही वाक्ये सारख्याच ठामपणे उच्चारली जातात, म्हणून ती एकाच जातीची वाटतात. तशी ती नाहीत.

३/
पहिले तथ्यविधान आहे: काय घडले, केव्हा घडले. दुसरे व्याख्याविधान: एखाद्या शब्दाचा किंवा गणनेचा अर्थ काय. तिसरे कारणविधान: असे का झाले. चौथे मूल्यविधान: काय श्रेयस्कर, काय उचित. पाचवे धोरणविधान: यापुढे काय करावे. प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा असतो. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या पदरात टाकला की वाद संपत नाही, केवळ आवाज वाढतो.

४/
प्रथम तथ्याकडे वळू. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीविषयी दोन प्रमुख मते होती. उत्तरकालीन बखरींच्या परंपरेत शके १५४९, प्रभव संवत्सर, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे एप्रिल १६२७, ही तिथी रूढ झाली. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर या परंपरेतील एक ठळक ग्रंथ. ती महाराजांच्या निधनानंतर शतकाहून अधिक काळाने, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिली गेली.

५/
लोकमान्य टिळकांनी १९०० साली ‘केसरी’त जन्मतिथीच्या प्रश्नाची चर्चा केली, तेव्हा उपलब्ध साधने परस्परांशी जुळत नव्हती. शिवोत्सवाच्या प्रसारात जो माणूस अग्रभागी होता, त्यानेच उत्सवमूर्तीच्या जन्मतिथीविषयीचा प्रश्न उघडपणे चर्चेला घेतला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. उत्सव करावा, हे त्यांचे धोरणविधान होते. तिथी कोणती, हा तथ्याचा प्रश्न होता. पहिल्याविषयी ठाम असताना दुसऱ्याविषयी शंका बाळगता येते.

६/
पुढे कारीच्या जेधे देशमुख घराण्याकडील शकावली टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या माध्यमातून, ती अभ्यासकांसमोर ठेवली गेली. कान्होजी जेधे हे महाराजांचे आरंभीच्या काळातील सहकारी. त्यांच्या घराण्याच्या या टिपणवहीत शके १५४० ते १६१९ या काळातील घटना क्रमाने नोंदलेल्या आहेत. तीत महाराजांचा जन्म शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरीवर, असा दिला आहे.

७/
येथे पहिली सूक्ष्म पायरी येते. ‘जेधे शकावलीत शके १५५१ लिहिले आहे’ हे एक विधान. ‘महाराजांचा जन्म शके १५५१ मध्ये झाला’ हे दुसरे. पहिले पडताळण्यासाठी शकावली उघडून वाचली की पुरे. दुसरे हे अनुमान आहे. नोंद केव्हा झाली, कोणी केली, कशाच्या आधारे केली, हे तोलल्याशिवाय त्या अनुमानापर्यंत पोहोचता येत नाही. बहुतेक वादी पहिले विधान सिद्ध करतात आणि दुसरे सिद्ध झाले असे समजतात.

८/
शकावलीची नोंद अनेक बाजूंनी तपासता येते. साठ संवत्सरांच्या चक्रात प्रभव, विभव, शुक्ल असा क्रम आहे. शके १५४९ प्रभव असेल तर १५५१ शुक्लच असायला हवे, आणि नोंदीत तेच आहे. गणिताने पाहता त्या तृतीयेला शुक्रवारच येतो. शक, संवत्सर, तिथी आणि वार असे चार धागे एकमेकांशी जुळतात. स्मरणातून किंवा कल्पनेतून रचलेल्या नोंदीत असा मेळ सहसा टिकत नाही.

९/
तरीही याची मर्यादा ओळखली पाहिजे. चारही धागे जुळले म्हणजे ती तिथी पंचांगात अस्तित्वात होती, एवढेच सिद्ध होते. त्या तिथीला जन्म झाला, हे त्यातून आपोआप निघत नाही. शिवाय शकावली शके १६१९ पर्यंत येते, म्हणजे तिचे संकलन जन्मानंतर बऱ्याच काळाने पुरे झाले. म्हणूनच स्वतंत्र साक्षीदाराची गरज भासते.

१०/
तो साक्षीदार १९२७ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. कवींद्र परमानंदाचे संस्कृत काव्य ‘शिवभारत’ महाराजांच्या हयातीत रचलेले आहे. त्यातही शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीयाच येते. एक मावळातील देशमुख घराण्याची रुक्ष टिपणवही, दुसरे आश्रित कवीचे अलंकारप्रचुर काव्य. दोघांचे प्रयोजन वेगळे, भाषा वेगळी, प्रवास वेगळा. आणि तिथी एक. तथ्यविधानाला बळ मिळते ते अशा भेटीतून.

११/
याउलट ‘इतक्या बखरी १५४९ म्हणतात, त्या सर्व खोट्या कशा?’ हा युक्तिवाद पाहावा. बखरींची संख्या मोठी असली, तरी एक बखर दुसरीवरून उतरली असेल तर साक्षीदार एकच राहतो. इतिहासात साक्षी मोजून भागत नाही, तोलाव्या लागतात. एकाच विहिरीचे पाणी दहा घागरींत भरले तरी विहिरी दहा होत नाहीत.

१२/
आता व्याख्याविधान. ‘महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला’ हे वाक्य तथ्यासारखे दिसते, पण त्याच्या पोटात एक व्याख्या दडलेली आहे. १९ फेब्रुवारी कोणत्या कालगणनेतील? ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे. आज जगभर चालणाऱ्या ग्रेगोरियन गणनेत तोच दिवस १ मार्च १६३० येतो. सतराव्या शतकात दोन्ही गणनांत दहा दिवसांचे अंतर होते.

१३/
हे अंतर केवळ पुस्तकी नव्हते. १५८२ मधील सुधारणा पोर्तुगिजांनी स्वीकारली होती, इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. त्यामुळे शिवनेरीवर महाराज जन्मले त्या शुक्रवारी गोव्यातील पोर्तुगीज कारकुनाच्या कागदावर १ मार्च असणार आणि सुरतेच्या इंग्रज वखारीत १९ फेब्रुवारी. त्यातही इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे. म्हणजे वखारीतील कारकून साल १६३० नव्हे, १६२९ लिहिणार. दिवस एकच, नावे तीन.

१४/
तिथीही या अडचणीतून सुटत नाही. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे आपली फाल्गुन वद्य तृतीया उत्तर भारतीय पंचांगात चैत्र कृष्ण तृतीया असते. हे न जाणणारा अभ्यासक दोन कागदांत दोन वेगळे महिने पाहून ‘विसंगती सापडली’ असे जाहीर करू शकतो. सापडलेली असते ती दोन पंचांगांच्या पद्धतींतील तफावत. व्याख्या आधी स्पष्ट केली की अर्धे वाद उभेच राहत नाहीत.

१५/
तिसरा प्रकार कारणविधानाचा. बखरीत शके १५४९ कसे आले? ऐकीव माहिती, नकलेतील चूक, अस्सल साधनांचा अभाव, अशी अनेक कारणे संभवतात. ‘त्यांनी मुद्दाम खोटी तिथी लिहिली’ हेही कारणविधानच आहे, आणि त्याचे ओझे सर्वांत जड आहे. लेखकाला खरी तिथी ठाऊक होती, ती त्याने जाणूनबुजून टाळली, आणि तसे करण्यात त्याचा काही हेतू होता, ही तीनही अंगे वेगवेगळी सिद्ध करावी लागतात. तिथी चुकीची ठरली म्हणजे एवढेच सिद्ध होते की ती चुकीची आहे.

१६/
समाजमाध्यमांवर सर्वाधिक कटुता येथेच जन्मते. चूक दाखवणारा हळूच हेतूवर येतो, हेतूवरून जातीवर आणि जातीवरून आजच्या माणसांवर. प्रत्येक पायरीवर विधानाचा प्रकार बदललेला असतो आणि पुरावा मात्र पहिल्याच पायरीवर राहिलेला असतो. वाचकाने तेथे थांबून विचारावे: शकावलीचा दाखला या नव्या वाक्यालाही लागू पडतो का?

१७/
चौथे मूल्यविधान. ‘रामनवमी, गोकुळाष्टमी तिथीने होतात, मग शिवजयंतीही तिथीनेच शोभते’ असे एक पक्ष म्हणतो. ‘महाराज ऐतिहासिक पुरुष आहेत, त्यांचा दिवस जगाला समजेल अशा तारखेने पाळावा’ असे दुसरा म्हणतो. दोन्ही भूमिका विचारार्ह आहेत. दोन्हींसाठी कारणे देता येतात. पण यांपैकी कोणतीही भूमिका कागदपत्रांनी खरी किंवा खोटी ठरत नाही.

१८/
आणि येथे त्या वार्षिक वादाचे मर्म उघड होते. १९ फेब्रुवारी आणि फाल्गुन वद्य तृतीया हे दोन प्रतिस्पर्धी जन्मदिवस नाहीत. ती एकाच दिवसाची दोन नावे आहेत. दोन्ही पक्ष शके १५५१ मानतात, दोघांचेही साक्षीदार जेधे शकावली आणि शिवभारत हेच आहेत. जुना वाद १५४९ की १५५१ असा होता, तो तथ्याचा. आजचा वाद तिथी की तारीख असा आहे, तो मूल्याचा व धोरणाचा. जुन्या वादाची शस्त्रे नव्या वादात परजली जातात, आणि ती बोथट का पडतात हे कोणाला उमगत नाही.

१९/
पाचवे धोरणविधान. १९६६ साली महाराष्ट्र शासनाने जन्मतिथीचा निर्णय करण्यासाठी अभ्यासकांची समिती नेमली. दत्तो वामन पोतदार, न. र. फाटक, ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे यांच्यासारखी माणसे तीत होती. त्यांच्यात एकमत झाले नाही. पुढे २००१ मध्ये शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत मानली. अभ्यासकांचे मतभेद आणि शासनाचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शासनाला सुटीचा एक दिवस ठरवावाच लागतो. अभ्यासकाला मात्र ‘अजून निश्चित सांगता येत नाही’ असे म्हणण्याची मुभा असते, किंबहुना कधी कधी ते त्याचे कर्तव्यच असते.

२०/
धोरण तथ्यातून आपोआप निघत नाही, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. जॉर्ज वॉशिंग्टन जन्मले तेव्हाच्या जुन्या गणनेत तो दिवस ११ फेब्रुवारी १७३१ होता. गणना बदलल्यावर तो २२ फेब्रुवारी १७३२ मानला गेला आणि तोच साजरा होऊ लागला. महाराजांच्या बाबतीत जुन्या गणनेचा दिवस तसाच ठेवला गेला. तथ्याची जातकुळी सारखी असूनही दोन समाजांनी दोन मार्ग निवडले. यात कोणी असत्य बोलले नाही. संकेत वेगळे ठरले.

२१/
मग विधानाची जात ओळखायची कशी? एक साधी कसोटी पुरते. वाक्य वाचल्यावर विचारावे: हे चुकीचे ठरवायचे तर काय दाखवावे लागेल? एखादा कागद दाखवावा लागत असेल तर ते तथ्य. शब्दाचा किंवा गणनेचा अर्थ दाखवावा लागत असेल तर व्याख्या. दुसरे संभाव्य कारण पुढे करावे लागत असेल तर कारण. अधिक श्रेष्ठ असे मूल्य मांडावे लागत असेल तर मूल्य. परिणामांचा हिशेब मांडावा लागत असेल तर धोरण. आणि काहीही दाखवले तरी बोलणारा हलणार नसेल, तर तेथे वाद चाललेलाच नाही.

२२/
या वर्गीकरणाने भक्ती उणी होते, अशी भीती काहींना वाटते. अनुभव उलटा आहे. जन्मशकाविषयी प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ‘महाराजांवर श्रद्धा नाही का?’ असे सुनावले जाते, तेव्हा तथ्याच्या प्रश्नाला मूल्याचे उत्तर मिळालेले असते. तो मूल पुन्हा प्रश्न विचारत नाही आणि मोडीतील एक कागद वाचू शकला असता असा एक अभ्यासक कमी होतो. जेधे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ती वही जपली आणि कोणीतरी प्रश्न विचारला, म्हणून आज दोन्ही पक्षांकडे मिरवायला एक निश्चित दिवस आहे.

२३/
पुढच्या फेब्रुवारीत हा वाद पुन्हा येईल. तेव्हा वाचकाने लगेच बाजू न घेता समोरच्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने एकच अक्षर लिहावे: त, व्या, का, मू किंवा धो. पानभर वाक्यांत ‘त’ किती थोडे उरतात हे पाहिले की वादाचा बराचसा ताप आपोआप उतरतो. आणि उरलेल्या त्या थोड्या वाक्यांसाठी ग्रंथालयाची पायरी चढावीशी वाटते.

(धागा समाप्त)