पोलादनगरीतले मातीचे बैल

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे येते ती धगधगती झोतभट्टी. सोव्हिएत मदतीने उभारलेल्या इथल्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पण पाऊस ओसरू लागून शरदाची चाहूल लागली, की सेक्टरांच्या या आखीव वसाहतीतील बालगोपाळांचे लक्ष वेगळ्याच भट्टीकडे लागते. ती असते कुंभाराची!

सुपेला, पॉवर हाऊसच्या बाजारात या दिवसांत मातीचे बैल मांडलेले दिसतात. छत्तीसगढीत त्यांना म्हणतात ‘नंदिया बैला’. पायांतल्या भोकांतून बांबूच्या काड्या ओवायच्या, त्यांना मातीची चाके लावायची, दोरी बांधायची, की झाला बैल तयार. मुलींसाठी जाते, चूल, इवलीशी भांडी.

हा सण म्हणजे ‘पोरा’, आपला पोळा. तिथी एकच, आपण तिला श्रावण अमावास्या म्हणतो, तर तिकडे महिना पौर्णिमेला संपत असल्याने ती भादव्याची ठरते. या सुमारास भात पोटरीवर येतो. अन्नमाता गर्भार आहे, म्हणून त्या दिवशी शेतात पाऊल टाकायचे नाही, अशी तिथली श्रद्धा. घरोघरी ठेठरी-खुरमीचा बेत असतो. वैदर्भीय माणसाला दुसऱ्या दिवशीचा आपला तान्हा पोळा आठवल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच, की नागपूरकडचा बैल लाकडी.

क्वार्टरमध्ये वाढणाऱ्या मुलाच्या दारी आज बैल नाही, आणि शेतातही ट्रॅक्टर फिरतो. ज्याच्या कष्टांवर आजी-आजोबांचे घर चालले, त्या मुक्या जिवाची ओळख मुलांना या खेळण्यातूनच व्हायची. शिवाय कुंभाराचा हा हंगाम मोजक्या दिवसांचा. रंगीत प्लास्टिकच्या खेळण्यांपुढे त्याचा बैल मागे पडला, तर पुढच्या वर्षी तो चाक फिरवील कशाला?

म्हणून बिनरंगाचा बैल आणा आणि मुलांनाच रंगवू द्या. आधी मोठ्यांनी चुन्याचा पातळ हात द्यावा. चुना मुलांच्या हाती देऊ नये. तो पूर्ण वाळला की पाठीवर गेरूची झूल, काजळाचे डोळे, शिंगांना पिवळा रंग. एक गंमतही दाखवा. वाटीत हळद कालवून मोठ्यांनी त्यात चिमूटभर चुना टाकायचा. पिवळ्याचा क्षणात लाल होतो! हे लाल पाणी सुती बोळ्याने मोठ्यांनीच टिपक्यांसारखे लावावे. बैल पाण्यात मात्र बुडवू नका, कच्ची भाजणी असेल तर माती विरघळते.

सणाच्या सुमारास नागपूरहून हावड्याच्या गाडीने गेलात, तर दुर्गच्या पुढेच भिलाई. मुलांना मैत्रीबागेतले पांढरे वाघ जरूर दाखवा. पण परतताना पिशवीत एक नंदिया बैल असू द्या. दोन चाके जास्तीची घ्या, ती हमखास फुटतात!